सुपारी, शिकवणी आणि स्वामित्वधन : स्वतंत्र संगीतकाराच्या मिळकतीच्या वाटा

कोणाच्याही पगारावर नसलेल्या गायक-वादकाची मिळकत मुख्यतः तीन वाटांनी येते. पहिली वाट प्रत्यक्ष कार्यक्रमाची. तिथे कलाकार आपली एक संध्याकाळ विकतो. दुसरी शिकवणीची. तिथे तो आपले कसब दुसऱ्याच्या हाती देतो. तिसरी ध्वनिमुद्रित गाण्यावरील हक्कांची. तिथे एकदा केलेले काम पुढे वर्षानुवर्षे पैसे देऊ शकते. पहिल्या वाटेवर पैसा लवकर दिसतो, पण तो हंगामी असतो. दुसऱ्या वाटेवर तो थोडा असला तरी दरमहा येतो. तिसऱ्या वाटेवरचा पैसा बहुतेकदा कागदपत्रांअभावी हातचा जातो.

या तिन्ही वाटा एकाच टापूत पाहायच्या तर टिटवाळा आणि कल्याण-डोंबिवली परिसर सोयीचा आहे. टिटवाळा स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६४ किलोमीटरवर, कल्याण-कसारा मार्गावर आहे. लोकलच्या एका टोकाला मुंबईचे स्टुडिओ, तर दुसऱ्या बाजूला शहापूर-मुरबाड तालुक्यांतील गावे, त्यांच्या जत्रा आणि हरिनाम सप्ताह. टिटवाळ्यात महागणपतीचे देवस्थान असल्याने संकष्टी, अंगारकी आणि माघी गणेश जयंतीला गर्दी ठरलेली. वर्षभर थोडेथोडे काम आणि मुंबईपेक्षा स्वस्त घर, या दोन गोष्टींवर इथल्या कलाकाराचा हिशेब उभा असतो.

आश्रयदात्यापासून श्रोत्यापर्यंत

संगीतावर पोट भरण्याची जुनी रीत संस्थानिकांच्या आश्रयाची होती. तिच्यातून बाहेर पडण्याचा मोठा प्रयत्न विष्णु दिगंबर पलुस्करांनी केला. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर फी, देणग्या आणि जाहीर जलशांच्या उत्पन्नावर. पुढे मुंबईतील विद्यालयाची वास्तू कर्जापायी गमवावी लागली, पण लोकांच्या पैशावर संगीत शिकवता येते हे सिद्ध झाले. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात जी संस्था सुरू केली ती आज भारत गायन समाज म्हणून ओळखली जाते. अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये तिथेच आर्य संगीत विद्यालय काढले. त्याच काळात संगीत नाटक कंपन्या गायक नटांना आणि साथीदारांना पगारावर ठेवत होत्या. १९२७ मध्ये मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढे आकाशवाणीच्या श्रेणी पद्धतीने कलाकाराला एक अधिकृत दर्जा मिळू लागला. बोलपटांच्या वाद्यवृंदांनी शेकडो वादकांना रोजगार दिला. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि कोळीगीते, भीमगीते, भक्तिगीते गाणाऱ्यांना थेट बाजारपेठ मिळाली. ‘वेसावकर आणि मंडळी’ किंवा प्रल्हाद शिंदे ही नावे घरोघरी पोचली ती याच काळात.

प्रत्येक टप्प्यावर पैसे देणारा बदलला: राजा, नाटक कंपनी, सरकार, निर्माता, कॅसेट कंपनी. आजच्या स्वतंत्र संगीतकाराला असा एकच धनी नाही. त्याला अनेक छोट्या गिऱ्हाइकांवर विसंबावे लागते आणि वसुलीही स्वतःच करावी लागते.

कार्यक्रमांचे वर्ष

प्रत्यक्ष कार्यक्रमांचे काम पंचांगाच्या मागे चालते. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्ने थांबतात आणि पावसामुळे उघड्यावरचे कार्यक्रमही बंद असतात. श्रावणात भजनी मंडळांना मागणी येते. भाद्रपदात सार्वजनिक गणेशोत्सव, मग नवरात्रातील गरब्याचे वाद्यवृंद आणि त्यानंतर दिवाळी पहाट. डोंबिवलीच्या फडके रोडवरील दिवाळीची गर्दी प्रसिद्ध आहे, आणि त्या आठवड्यात भावगीते व नाट्यगीते गाणाऱ्यांच्या तारखा सर्वांत आधी भरतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. माघी गणेशोत्सव, शिवजयंती, गावोगावच्या जत्रा आणि गुढीपाडवा यांनी हिवाळा-उन्हाळा भरतो. पाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि तिथून राज्यभर पसरली. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीपासून भीमगीतांच्या गायन पार्ट्यांचा हंगाम चालू होतो. पावसाळा तोंडावर आला की पुन्हा हात रिकामे.

या कामाचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाचा व्यवहार निराळा. आगरी-कोळी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीला विधीतच स्थान असते. तिच्या गाण्याशिवाय लग्नाचे टप्पे पुढे सरकत नाहीत, आणि तिला मानपानासह मोबदला मिळतो. त्याच लग्नाच्या हळदीला बँजो पार्टी किंवा ऑर्केस्ट्रा असतो आणि तिथे रोख ठरवून सुपारी घेतली जाते. बँजो वादकांचे हे जग डोंबिवलीचे दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०१६ च्या ‘बँजो’ या हिंदी चित्रपटात दाखवले. ढोल-ताशा पथके सुपारी घेत असली तरी वादक बहुधा हौशी असतात. पैसा पथकाच्या वाद्यांवर आणि उपक्रमांवर खर्च होतो, त्यामुळे हा वैयक्तिक मिळकतीचा मार्ग फारसा नाही. लोकलच्या डब्यात भजन करणारी मंडळेही हौशीच. पण तिथे तयार झालेला पखवाजी किंवा गायक पुढे सप्ताहात बोलावला जातो.

हरिनाम सप्ताह हा ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील कामाचा मोठा आधार आहे. सात दिवस रोज कीर्तन असते. कीर्तनकार बदलत राहिला तरी गायनाचार्य, मृदंगाचार्य आणि पेटीवाला सात दिवस तेच राहू शकतात. आळंदीला १९१७ मध्ये जोग महाराजांनी स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी शिकलेले तरुण या कामात उतरतात. बिदागी ठरवून घ्यावी की यजमान देईल ते घ्यावे, हा वारकरी संप्रदायात जुना वाद आहे. व्यवहारात मात्र साथीदाराची बिदागी आणि प्रवासखर्च आधी बोलून घेतलेला बरा असतो.

शास्त्रीय मैफलींचे क्षेत्र याहून लहान आहे. कल्याण गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव, ठाण्यातील राम मराठे यांच्या स्मृतीचा संगीत महोत्सव अशा व्यासपीठांवर मोजक्यांनाच संधी मिळते. तरुण कलाकाराला त्यातून तात्काळ पैसा कमी आणि नाव जास्त मिळते. त्या नावाचा उपयोग पुढे शिकवणीत होतो.

एका सुपारीचा हिशेब

ठरलेली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांतील अंतर एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होते. समजा, आठ जणांच्या संचाला हळदीच्या कार्यक्रमासाठी ४५,००० रुपये ठरले. ध्वनी आणि प्रकाश व्यवस्थेचे १४,००० रुपये, टेंपो व येण्याजाण्याचे ४,००० आणि काम आणून देणाऱ्याचे १० टक्के म्हणजे ४,५०० रुपये वजा केले तर २२,५०० उरतात. समान वाटणी केली तर माणशी २,८०० रुपयांच्या आसपास पडतात. दोन तालमी धरल्या तर एका संध्याकाळचे साडेनऊशेही होत नाहीत. म्हणूनच अनुभवी संच वाद्ये कमी करतात, स्वतःचे छोटे स्पीकर घेतात किंवा ढोलकी-ढोलकचे काही काम ऑक्टोपॅडवर भागवतात. स्वतःची ध्वनी यंत्रणा असलेला गायक त्या १४,००० पैकी मोठा भाग घरातच ठेवतो. या भागातील अनेक संचांचा खरा नफा गाण्यात नसून यंत्रणेच्या भाड्यात असतो.

वेळेची मर्यादाही दरावर परिणाम करते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. वरात उशिरा आली आणि दहा वाजले, तर कार्यक्रम अर्ध्यावर थांबतो आणि यजमान उरलेले पैसे देताना हात आखडतो. यावर उपाय म्हणजे इसार घेताना चार ओळींचा लेखी करार: सुरू होण्याची वेळ, कलाकारांची संख्या, परवानगीची जबाबदारी, रद्द झाल्यास इसाराचे काय, आणि उरलेली रक्कम मंचावर चढण्यापूर्वी द्यायची की नंतर. मोबाइलवरील साधा लेखी संदेशही वादाच्या वेळी तोंडी शब्दापेक्षा उपयोगी पडतो.

शिकवणी

नियमित पैसा शिकवणीत आहे. महाराष्ट्रात तिला आकार दिला तो परीक्षांनी. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारापर्यंतच्या परीक्षा गावोगावच्या केंद्रांवर होतात. दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण मिळतात, त्यामुळे सातवी ते नववीच्या वर्गातील मुलांचे पालक क्लासकडे वळतात. दहावी झाल्यावर यातील बरीच मुले क्लास सोडतात. म्हणून शिक्षकाला दरवर्षी नवी तुकडी भरावी लागते. ज्यांनी ज्येष्ठ नागरिक, सुगम संगीताचे हौशी गायक आणि भजनी मंडळे असे गट जोडून घेतले, त्यांचा क्लास परीक्षेच्या चढउतारांवर अवलंबून राहत नाही.

परीक्षेभोवती छोटी कामेही तयार होतात. गायनाच्या परीक्षार्थीला तबला आणि पेटीची साथ लागते. परीक्षेच्या दिवसांत एक तबलजी एकाच केंद्रावर अनेक विद्यार्थ्यांना साथ करून प्रत्येकाकडून ठरावीक मोबदला घेतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी गाणी बसवणे, स्पर्धेसाठी समूहगीत तयार करणे, ही नोव्हेंबर ते जानेवारीची हमखास कामे आहेत.

दूरस्थ शिकवणीने परदेशातील मराठी कुटुंबे गिऱ्हाईक झाली. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत मुलांनी गावे-वाजवावे, ही पालकांची इच्छा असते. भारतातील पहाट म्हणजे अमेरिकेतील आदली संध्याकाळ, त्यामुळे टिटवाळ्यातील शिक्षकाला सकाळी सहा ते आठ हा वेळ त्यांच्यासाठी ठेवता येतो आणि स्थानिक क्लास संध्याकाळी घेता येतो. इंटरनेटवर आवाज थोडा उशिरा पोचतो. गुरू-शिष्याला एकाच ठेक्यावर एकत्र गाता-वाजवता येत नाही. म्हणून शिक्षक आधी ठेका किंवा तानपुरा ध्वनिमुद्रित करून पाठवतो आणि विद्यार्थी त्याच्यावर गाऊन दाखवतो.

साथ, स्टुडिओ आणि पूरक कामे

चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात एकेकाळी मोठा वाद्यवृंद बसत असे. संगणकावरील प्रोग्रामिंगने व्हायोलिनच्या रांगा संपवल्या, पण बासरी, शहनाई, सारंगी, ढोलकी, संबळ अशा वाद्यांचा जिवंत स्पर्श संगीत संयोजकाला अजूनही लागतो. हे वादन आता घरूनही होते. संयोजक ट्रॅक पाठवतो, वादक आपल्या खोलीत ध्वनिमुद्रण करून फाइल परत करतो. एक संगणक, ऑडिओ इंटरफेस, चांगला मायक्रोफोन आणि बंद खिडक्यांची खोली एवढ्यावर हे काम उभे राहते. रूळांलगतच्या इमारतीत मात्र गाड्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

याच सामग्रीवर इतर कामेही निघतात: हौशी गायकांसाठी त्यांच्या पट्टीत करावके ट्रॅक बनवणे, मंडळासाठी आरती किंवा गाणे, दुकानांच्या जिंगल, एकांकिकांचे पार्श्वसंगीत. महापालिका, विधानसभा किंवा लोकसभेची निवडणूक आली की प्रचारगीतांची मागणी एकदम वाढते. हे काम दोन-तीन दिवसांत करून द्यावे लागते. मतदान झाल्यावर उमेदवार भेटेलच असे नाही, म्हणून रक्कम आधी घेण्याची पद्धत आहे. पेटी सुरात लावणे, तबल्याची पुडी बदलणे, वाद्ये भाड्याने देणे हीही कसबाची कामे आहेत. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथून वाद्य निवडून आणून देणारा जाणकार शिक्षक विद्यार्थ्याची फसगत टाळतो आणि त्याचा रास्त मेहनताना घेतो.

इंटरनेटवरील गाणे

यूट्यूबवरील जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी वाहिनीला १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण लागते, किंवा ९० दिवसांत लघुचित्रफितींना १ कोटी दृश्ये. दीर्घ चित्रफितीच्या जाहिरातींतील ५५ टक्के वाटा वाहिनीला मिळतो. आगरी-कोळी गीतांच्या अनेक वाहिन्या या उत्पन्नावर आणि त्यातून मिळणाऱ्या हळदीच्या सुपाऱ्यांवर चालतात. दुसरा भाग बहुधा पहिल्यापेक्षा मोठा असतो.

जुनी गाणी पुन्हा गाऊन टाकणाऱ्यांची अडचण वेगळी. मूळ गाण्याची मालकी असलेली कंपनी यूट्यूबच्या आपोआप ओळख पटवणाऱ्या यंत्रणेतून दावा लावते आणि जाहिरातीचे पैसे तिच्याकडे वळतात. बाजारातून घेतलेला करावके ट्रॅक वापरला तर त्या ट्रॅकवरही दावा येऊ शकतो. चित्रफीत दिसत राहते, टाळ्या मिळतात, पैसे मिळत नाहीत. स्वतः लिहिलेले, स्वतः चाल दिलेले गाणे किंवा संतांची पारंपरिक रचना नव्या चालीत बांधली तर हा प्रश्न येत नाही. अभंगांना रॉकची जोड देणाऱ्या ‘अभंग रिपोस्ट’ या संचाने पारंपरिक शब्दांतून स्वतःचा श्रोता उभा केला. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांचे २०२४ मधील ‘गुलाबी साडी’ हे गाणे चित्रपटाच्या आधाराशिवाय देशभर वाजले. पण अशी उदाहरणे विरळा. ती पाहून व्यवसायाची आखणी करता येत नाही.

स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या मंचांवर गाणे वितरक कंपनीमार्फत चढवावे लागते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक मिळतो आणि पैसे त्याच्या आधाराने मोजले जातात. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला त्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. भारतात फुकट ऐकणारे जास्त असल्याने एका श्रवणाची किंमत फार कमी पडते. म्हणून गाणे तिथे असणे हे उत्पन्नापेक्षा ओळखपत्र म्हणून उपयोगाचे.

हक्क आणि कागद

ध्वनिमुद्रित गाण्यात किमान चार हक्क एकत्र असतात: कवीचा शब्दांवर, संगीतकाराचा चालीवर, गायक-वादकाचा सादरीकरणावर आणि निर्मात्याचा ध्वनिमुद्रणावर. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून ६० वर्षे, तर सादरकर्त्याचा ५० वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाचे संरक्षण दिले: कवी आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातील आपला समान वाटा सोडून देता येत नाही, करारात तसे लिहून घेतले तरी ते चालत नाही.

हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचे असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करणारा कलाकार मुदतीच्या आधाराला मुकतो. छोट्या वाहिनीसाठी एकरकमी पैसे घेऊन गाणे देताना तीन-चार हजारांच्या मोबदल्यात असे कागद सहज पुढे केले जातात.

कवी आणि संगीतकारांच्या वतीने पैसे गोळा करणारी संस्था इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून काम करते. गायकांच्या हक्कांसाठीची संस्था २०१३ मध्ये कायद्याखाली नोंदली गेली. सभासद झाल्याशिवाय आणि प्रत्येक गाणे नोंदवल्याशिवाय वाटा हाती येत नाही. टिटवाळ्यातील एखाद्या शाहिराचे गाणे पुण्यातील मंडळाने वाजवले आणि वाहिनीवर गाजले, तरी नोंद नसेल तर त्याच्या नावे काही जमा होत नाही. सार्वजनिक कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी वाजवण्याचा परवाना आयोजकाने घ्यायचा असतो. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळे यांना मात्र कायद्यानेच सूट आहे, त्यामुळे हळदीत गाणाऱ्या संचाकडून कोणी परवान्याचे पैसे मागितले तर ते देणे लागत नाही.

सरकारी आधार आणि कर

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीत १८ ते २५ वयाच्या कलाकारांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात. पुढच्या वयोगटांसाठी कनिष्ठ आणि वरिष्ठ पाठ्यवृत्ती अनुक्रमे दरमहा १०,००० आणि २०,००० रुपयांच्या आहेत. राज्यात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मानधन दिले जाते. २०२४ पासून ते सरसकट दरमहा ५,००० रुपये आहे. त्यासाठी कला क्षेत्रातील कामाचे पुरावे लागतात. निमंत्रणपत्रिका, कात्रणे, मानधनाच्या पावत्या, आकाशवाणीची पत्रे तरुणपणापासून जपून ठेवलेल्यालाच साठीच्या उंबरठ्यावर अर्ज सोपा जातो.

वस्तू व सेवा करात लोककला किंवा शास्त्रीय संगीताच्या सादरीकरणाला, एका कार्यक्रमाचा मोबदला दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर माफी आहे. चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाला ती लागू नाही. तथापि, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्यांना नोंदणीच लागत नसल्याने या भागातील बहुतेक कलाकार करकक्षेबाहेर राहतात. संस्थांकडून धनादेशाने मिळणाऱ्या मानधनातून आयकर कापला जातो. विवरणपत्र भरले तर तो परत मिळू शकतो आणि गृहकर्जासाठी उत्पन्नाचा पुरावाही तयार होतो. रोखीत कमावणाऱ्या संगीतकाराला बँकेत हा पुरावाच कमी पडतो.

वाटांची जुळणी

कोणती वाट किती चालावी हे वयावर आणि वाद्यावर ठरते. ताल वादकाला साथीची कामे सर्वांत लवकर मिळतात, कारण गायक कितीही असले तरी प्रत्येकाला ठेका लागतो. गायकाला शिकवणीचा आधार आधी लागतो. संगीतकार आणि कवी यांची मिळकत उशिरा सुरू होते, पण नोंदणी केली असेल तर ती सर्वांत दीर्घ चालते. विशीतल्या कलाकाराला सुपाऱ्या आणि साथ यांवर भागवता येते. संसार सुरू झाल्यावर दरमहा फी देणारे विद्यार्थी लागतात. चाळिशीनंतर रात्रीचे प्रवास झेपेनासे होतात तेव्हा स्टुडिओ, यंत्रणेचे भाडे आणि हक्कांचे उत्पन्न यांचा भार वाढवावा लागतो. पावसाळ्यातील तीन महिन्यांचा घरखर्च लग्नसराईत बाजूला काढणे, प्रत्येक सुपारीचा लेखी पुरावा ठेवणे आणि प्रत्येक स्वतंत्र रचना तयार झाल्याच्या आठवड्यातच नोंदवणे, एवढी शिस्त पाळली तर तिन्ही वाटांचा पैसा एकमेकांना धरून राहतो.